पोलीस दलांसाठी मोफत टॅक्टिकल प्रशिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिबिर ठरवताना वरिष्ठ अधिकारी विचारतात ते, मैदानावर अंमलदार विचारतात ते आणि बाहेरून नागरिक विचारतात ते, असे सगळे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आम्ही प्रशिक्षक म्हणून उत्तरं देत आहोत, त्यामुळे आमची मतंही त्यात आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या बाबतीत अर्धवट सांगणं धोक्याचं आहे.

प्रत्यक्ष टॅक्टिकल प्रशिक्षण म्हणजे नेमकं काय?

वर्गात बसून ऐकायचं कमी आणि हातापायांनी करायचं जास्त, असं प्रशिक्षण. संशयिताच्या घराचं दार वाजवताना कुठे उभं राहायचं, जिन्यावर वळण आलं की आधी कुणी बघायचं, जोडीदाराच्या बंदुकीच्या नळीसमोर न येता पुढे कसं सरकायचं, बेडी घालताना झटापट झाली तर शस्त्र कसं सांभाळायचं, जखमी सहकाऱ्याला आडोशाला कसं ओढायचं, धाप लागलेली असताना वायरलेसवर नेमकं काय सांगायचं, हे सगळं त्यात येतं.

चांदमारी, म्हणजे लक्ष्यावर गोळीबाराचा सराव, याचा एक भाग आहे, पण छोटा. चांदमारीत लक्ष्य जागचं हलत नाही, ओरडत नाही, हात वर करून रडत नाही. कामावर समोर येणारा माणूस यातलं काहीही करू शकतो आणि त्याच्या हातात पिस्तूल आहे की मोबाइल, हे ठरवायला मिळतो तो क्षणभर. त्या क्षणाची तयारी करून घेणं हे आमचं काम.

खरंच मोफत असतं का? मग खर्च कोण उचलतं?

प्रशिक्षणार्थींना शुल्क नसतं, एवढाच ‘मोफत’ या शब्दाचा अर्थ. पैसे कुणीतरी मोजतंच, आणि कोण मोजतंय हे विचारायला संकोच करू नका.

सगळ्यात स्वच्छ मार्ग सरकारी निधीचा. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या अ‍ॅनिस्टन इथे १९९८ साली सुरू झालेलं सेंटर फॉर डोमेस्टिक प्रिपेअर्डनेस हे त्याचं ठळक उदाहरण. राज्यांच्या आणि गावोगावच्या पोलिसांना, अग्निशमन दलाला आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना तिथे विनाशुल्क शिकवतात, शिवाय प्रवास, राहणं आणि जेवण यांचा खर्चही केंद्र सरकार करतं. टेक्सास स्टेट विद्यापीठात २००२ साली उभं राहिलेलं ‘अलर्ट’ केंद्र अनुदानांवर चालतं. अंदाधुंद गोळीबाराच्या घटनेत सर्वांत आधी पोहोचणाऱ्या पोलिसांना ते शिकवतं. देशादेशांमध्येही अशी मदत होते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा दहशतवादविरोधी साहाय्य कार्यक्रम १९८३ सालच्या कायद्याने सुरू झाला आणि त्यातून इतर देशांच्या पोलिसांना प्रशिक्षण मिळत आलं आहे.

दुसरा मार्ग शेजारच्या मोठ्या दलाचा. त्यांच्याकडे रेंज (गोळीबाराच्या सरावाची जागा) आणि प्रशिक्षक असतात, लहान दलाकडे नसतात. मोठ्या दलाने बॅचमधल्या चार-पाच जागा शेजाऱ्यांना दिल्या तर त्यांचा खर्च फारसा वाढत नाही, आणि उद्या दोन्ही दलं एकाच घटनास्थळी आली तर एकमेकांच्या खुणा ओळखीच्या असतात. हा मार्ग आम्हाला सर्वांत आवडतो आणि दुर्दैवाने तोच सर्वांत कमी वापरला जातो.

तिसरा मार्ग देणगीदारांचा, आणि चौथा सामान विकणाऱ्या कंपन्यांचा. चौथ्याबाबत सावध राहा. कंपनीचा माणूस तिचं उपकरण वापरायला उत्तम शिकवेल, त्यात काही गैर नाही. पण ते उपकरण केव्हा वापरू नये, हे त्याच्याकडूनच ऐकायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. तो भाग दुसऱ्या कुणाकडून तरी शिकावा लागतो.

म्हणजे आमच्या दलाला काहीच खर्च येणार नाही ना?

येईल. वीस माणसं तीन दिवस प्रशिक्षणाला गेली की साठ दिवसांची ड्युटी दुसऱ्या कुणाला तरी करावी लागते. काडतुसं, गाड्यांचं इंधन, जादा कामाचा मोबदला, कधी भाड्याची जागा, हे सगळं आधी मांडून ठेवा. मोफत शिबिरं ऐन वेळी रद्द होतात तेव्हा कारण बहुधा मनुष्यबळाचं असतं : बंदोबस्त लागला आणि माणसं सोडता आली नाहीत. त्यासाठी एकाच विषयाच्या दोन बॅच मागा. अर्धी माणसं आधी, अर्धी नंतर.

विशेष पथकं असताना ठाण्यातल्या अंमलदारांना हे कशाला?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून जरा मागे जाऊन सांगतो.

१९७२ साली म्युनिक ऑलिंपिकच्या वेळी इस्राएली खेळाडूंना ओलीस धरलं गेलं. विमानतळावर त्यांची सुटका करायला पाच पोलीस नेमबाज बसवले होते. अपहरणकर्ते निघाले आठ. नेमबाजांना या कामाचं विशेष प्रशिक्षण नव्हतं आणि आपापसांत बोलायला वायरलेसही नव्हता. सगळे ओलीस मारले गेले. त्यातून जर्मनीचं जीएसजी ९ हे दहशतवादविरोधी पथक जन्माला आलं आणि जगभर अशी पथकं तयार होऊ लागली. ते आवश्यकच होतं. पण त्यातून एक सवयही लागली : गंभीर काही घडलं की वेढा घालायचा आणि पथकाची वाट बघायची.

ओलीस धरून मागण्या करणाऱ्याच्या बाबतीत ही पद्धत बरोबर आहे, कारण तिथे वेळ पोलिसांच्या बाजूने असतो. मागण्या न करता मारतच सुटलेल्याच्या बाबतीत ती घातक ठरते. २० एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला तेव्हा ते दिसलं. बाहेर पोलीस लवकर पोहोचले होते, पण शिरस्त्याप्रमाणे विशेष पथकासाठी थांबले. आत गोळी लागलेल्या एका शिक्षकापर्यंत मदत पोहोचायला तीन तासांहून जास्त वेळ गेला आणि ते रक्तस्रावाने दगावले. त्यानंतर शिकवण बदलली : गोळीबार चालू असेल तर पहिले पोहोचलेले पोलीसच आत जातील.

मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पहिले कित्येक तास हल्लेखोरांना सामोरे गेले ते शहराचेच पोलीस. एनएसजीचे कमांडो दिल्लीहून दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचले. जगातल्या कुठल्याही शहरात क्रम साधारण हाच राहतो, कारण विशेष पथक एका जागी असतं आणि गस्तीची गाडी सगळीकडे असते.

म्हणून आमच्या बॅचमध्ये आम्ही आधी गस्तीवरच्या आणि ठाण्यातल्या माणसांना जागा देतो. कमांडोंना शिकवायला पुष्कळ जण तयार असतात.

प्रशिक्षण झालं की असा प्रसंग नीट हाताळला जाईल, याची खात्री देता का?

नाही. २४ मे २०२२ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या युव्हाल्डी गावच्या शाळेत गोळीबार झाला, तेव्हा पहिले पोलीस हल्लेखोरापाठोपाठ तीन मिनिटांत इमारतीत शिरले होते. त्यानंतर सत्तर मिनिटांहून जास्त वेळ गेला, तेव्हा वर्गाचं दार उघडून हल्लेखोराला मारण्यात आलं. वेगवेगळ्या दलांचे मिळून ३७६ पोलीस त्या घटनेला आले होते. एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. तिथल्या शाळा-पोलिसांनी अशाच प्रसंगाचं प्रशिक्षण दोनच महिन्यांपूर्वी आयोजित केलं होतं.

कमतरता बंदुकांची नव्हती आणि माणसांचीही नव्हती. हुकूम कोण देणार हे ठरत नव्हतं, आणि ‘मारेकरी मारतोय’ की ‘मारेकरी अडकून बसलाय’ याचं निदान चुकलं. हे दोन्ही शिकवता येतं, फक्त त्यासाठी सरावात अधिकाऱ्यांनीही उतरावं लागतं. उद्घाटन करून परतणारा अधिकारी घटनेच्या दिवशी त्याच माणसांना हुकूम देणार असतो, आणि ती माणसं काय शिकली आहेत हे त्याला माहीत नसतं. आम्ही आता एकच अट घालतो : ज्या दलाची बॅच, त्या दलाचा किमान एक निर्णय घेणारा अधिकारी पूर्ण वेळ मैदानावर.

दोन-तीन दिवसांत माणूस किती शिकणार?

थोडंच, आणि तेवढंच शिकवावं. तीन दिवसांत दहा विषय उरकणारं वेळापत्रक दिसलं तर नकार द्या. दोनच विषय घ्या, उदाहरणार्थ इमारतीत शिरणं आणि रक्तस्राव थांबवणं, आणि ते पुन्हा पुन्हा करून घ्या. आधी सावकाश, मग नेहमीच्या वेगाने, मग अंधारात, मग आरडाओरड्यात. नव्या गोष्टीची मजा पहिल्या दिवशी संपते. कंटाळा यायला लागला की सवय लागायला सुरुवात होते.

सरावात खऱ्या गोळ्या वापरता का? अपघात झाला तर?

रेंजवर, कागदी किंवा लोखंडी लक्ष्यावर मारताना खऱ्या. माणसासमोर माणूस उभा राहणाऱ्या कुठल्याही सरावात खरी गोळी त्या आवारातही नसते. याला अपवाद नाही, दर्जाचा नाही की अनुभवाचा नाही.

९ ऑगस्ट २०१६ रोजी फ्लोरिडातल्या पंटा गोर्डा इथे पोलिसांनी नागरिकांसाठी एक वर्ग ठेवला होता. गोळी झाडावी की नाही हे क्षणात कसं ठरवावं लागतं, याचं प्रात्यक्षिक चाललं होतं. समोर उभ्या असलेल्या ७३ वर्षांच्या निवृत्त ग्रंथपाल बाईंवर प्रात्यक्षिक देणाऱ्या पोलिसाने रिव्हॉल्व्हर झाडलं. त्यात आवाजाची पोकळ काडतुसं आहेत अशी त्याची समजूत होती. ती खरी होती. बाई गेल्या. ज्यांच्यासाठी कार्यक्रम ठेवला होता, त्यांच्यापैकीच एक.

यासाठी आमच्याकडे तपासणी अशी चालते. सरावाच्या जागेला एकच वाट ठेवतात, बाकी दारं टेप लावून बंद. वाटेवर टेबल. येणारा प्रत्येक जण, प्रशिक्षक धरून, आपलं शस्त्र, मॅगझिन, सुटी काडतुसं, चाकू, मिरचीचा स्प्रे टेबलावर ठेवतो. मग तो स्वतः खिसे उलटे करतो, जोडीदार त्याला डोक्यापासून घोट्यापर्यंत चाचपतो, आणि तिसरा, म्हणजे सुरक्षा अधिकारी, तेच पुन्हा करतो. घोट्याजवळचं छोटं होल्स्टर आणि जॅकेटचा आतला खिसा, या दोन जागा हमखास सुटतात, तिथे हात थांबतो. तपासलेल्याच्या दंडाला रंगीत पट्टी बांधली जाते. पाणी प्यायला, लघवीला, फोन घ्यायला, कशालाही तो वाटेबाहेर गेला की पट्टी काढून घेतात आणि परत येताना सगळं पहिल्यापासून. लोक कंटाळतात. वरिष्ठांना चाचपायला कनिष्ठांचा हात धजत नाही, म्हणून आम्ही पहिल्या सकाळी सर्वांत वरिष्ठ अधिकाऱ्याची तपासणी सर्वांसमोर करतो. त्यानंतर कुणी कुरकुरत नाही.

आत मिळतात ती शस्त्रं दोन प्रकारची. एक, निळ्या किंवा लाल प्लास्टिकचे ठोकळे, ज्यांतून काहीच सुटत नाही. दुसरी, रंगाची गोळी मारणारी. त्यांची नळी किंवा बोल्ट असा बदललेला असतो की खरं काडतूस त्यातून झाडता येत नाही. खऱ्या पिस्तुलातली काडतुसं काढली म्हणून ते सरावाचं शस्त्र होत नाही.

रेंजवरचे नियम जुनेच : प्रत्येक शस्त्र भरलेलं आहे असं समजा, ज्याचा नाश करायचा नाही त्यावर नळी धरू नका, नजर लक्ष्यावर आणि निर्णय पक्का होईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते आधी पाहा. सराव सुरू होण्याआधी डॉक्टर किंवा प्रशिक्षित वैद्यकीय कर्मचारी, रुग्णवाहिका आणि जवळच्या रुग्णालयाचा रस्ता ठरलेला हवा. ‘थांबा’ हा शब्द कुणीही, अगदी नवा शिपाईही, ओरडू शकतो आणि तो ऐकला की सगळे जागच्या जागी थांबतात.

रंगाची गोळी लागली तर दुखतं का?

दुखतं, कातडीवर वळ उठतो. चेहऱ्याचा पूर्ण मुखवटा, गळ्याचं आणि जांघेचं संरक्षण आणि हातमोजे सक्तीचे असतात. थोडं दुखणं उपयोगी पडतं, आडोसा सोडून उगाच पुढे जाणं त्यामुळे कमी होतं.

प्रसंग-सराव म्हणजे नाटकच ना?

नाटकासारखी मांडणी असते, पण शेवट ठरलेला नसतो. खोलीत हातात काहीतरी धरलेला माणूस आहे. त्याची भूमिका करणाऱ्याला सूचना दिलेली असते : पोलीस शांतपणे, एकाच आवाजात, समजेल असं बोलला तर हातातली वस्तू खाली ठेव, तिघे एकदम वेगवेगळे हुकूम ओरडू लागले तर गोंधळून जागीच उभा राहा. म्हणजे शेवट प्रशिक्षणार्थींच्या वागण्यावर ठरतो. आमचे निम्म्याहून जास्त प्रसंग एकही गोळी न झाडता संपावेत असेच रचलेले असतात. प्रत्येक सरावाचा शेवट गोळीबारात होत असेल, तर माणूस दार उघडतानाच गोळीबाराच्या तयारीने उघडायला शिकतो.

चाकूच्या प्रसंगाबद्दल एक सांगायला हवं. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ साली एका लेखात मांडलं की चाकू घेऊन धावणारा माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, आणि होल्स्टरमधून पिस्तूल काढून मारायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. पुढे लोकांनी याचा ‘२१ फुटांचा नियम’ केला, जणू त्या रेषेच्या आत चाकूवाला आला की गोळी घालायला मोकळीक मिळते. ट्यूलर यांनी तो नियम म्हणून मांडलाच नव्हता. आम्ही यातून शिकवतो ते वेगळं : अंतर कमी असेल तर मागे सरका, मध्ये टेबल घ्या, गाडी घ्या, बंद दार घ्या. दीड सेकंदाचे दहा सेकंद झाले की बोलायला वेळ मिळतो.

रक्तस्राव थांबवणं हे वैद्यकीय काम आहे. पोलिसांनी का शिकायचं?

कारण तिथे आधी पोलीस असतात. मांडीची मोठी रक्तवाहिनी फाटली तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो आणि गोळीबार चालू असलेल्या जागेत रुग्णवाहिका शिरत नाही. अमेरिकी लष्करात या उपचारांची नवी शिस्त १९९६ पासून मांडली गेली आणि पुढे ती पोलिसांकडे आली. २०१५ साली अमेरिकेत ‘स्टॉप द ब्लीड’ मोहीम सुरू झाली ती तर सामान्य नागरिकांसाठी.

आमच्या शिबिरात एक दुपार फक्त टूर्निकेटची, म्हणजे हातापायाला आवळून रक्त थांबवणाऱ्या पट्ट्याची असते. जखमेच्या वर, हृदयाच्या बाजूला, पाच ते सात सेंटिमीटरवर पट्टा येतो, सांध्यावर कधीच नाही. आधी पट्टा हाताने घट्ट ओढायचा, मग दांडी पिळायची, रक्त थांबेपर्यंत. ते दुखतं, प्रचंड दुखतं, आणि जखमी सोडवायला सांगतो. सोडायचा नाही. वेळ लिहून ठेवायची आणि डॉक्टरांच्या हाती देईपर्यंत हात लावायचा नाही. पट्ट्याखाली खिशात किल्ल्या किंवा मोबाइल राहिला तर दाब नीट बसत नाही, म्हणून आधी खिसा चाचपायचा.

सुरुवातीला सगळे दोन्ही हातांनी, उजेडात, जोडीदाराच्या पायावर लावतात आणि सोपं आहे म्हणतात. मग दिवे बंद होतात, हातमोजे ओले केले जातात आणि सांगितलं जातं : उजवा हात जखमी आहे, डाव्या हाताने स्वतःच्या उजव्या दंडावर लावा. पट्टा दातात धरावा लागतो, दांडी निसटते, टूर्निकेटचं पाऊच पाठीमागच्या बाजूला अडकवल्यामुळे डावा हात तिथवर पोहोचतच नाही. त्या दुपारनंतर बॅचमधले जवळपास सगळे आपल्या पाऊचची जागा बदलतात, दोन्ही हात पोहोचतील अशा ठिकाणी, पोटासमोर. सरावाचं टूर्निकेट वेगळं ठेवा. वारंवार ताणलेला पट्टा ड्युटीवर नेऊ नका.

हे उपचार आपल्या माणसापुरते नाहीत. बळाच्या वापराबाबत संयुक्त राष्ट्रांची मूलभूत तत्त्वं १९९० साली हवाना इथे स्वीकारली गेली. त्यांत जखमी कुणीही असो, त्याला शक्य तितक्या लवकर वैद्यकीय मदत मिळवून द्यावी असं स्पष्ट म्हटलं आहे. पोलिसाच्या गोळीने पडलेला आरोपीही त्यात आला. धोका संपला, बेडी पडली, की पुढची हालचाल टूर्निकेटची.

अशा प्रशिक्षणाने पोलीस जास्त आक्रमक होत नाहीत का? (नागरिकांचा प्रश्न)

काही प्रशिक्षणांनी होतात. समोरचा प्रत्येक माणूस आपला जीव घेणार आहे असं मनावर बिंबवणारे वर्ग आहेत, आणि तेही मोफत मिळू शकतात. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात २०१९ साली महापौरांनी अशा ‘योद्धा’ धर्तीच्या, भीतीवर उभ्या असलेल्या प्रशिक्षणावर बंदी घातली, तेव्हा तिथल्या पोलीस संघटनेने तेच प्रशिक्षण आपल्या सदस्यांना फुकट देऊ केलं. मोफत आहे म्हणून चांगलं आहे, असं मानू नका.

उलट दिशेचंही उदाहरण आहे. पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम या अमेरिकी संस्थेने २०१६ साली ‘आयकॅट’ नावाचा अभ्यासक्रम आणला. अंतर, आडोसा, संवाद आणि टॅक्टिक्स एकत्र शिकवणारा. अमेरिकेतल्या लुईव्हिल शहराच्या पोलिसांमध्ये त्याचा अभ्यास झाला, तेव्हा प्रशिक्षणानंतर बळाच्या वापराचे प्रसंग २८ टक्क्यांनी, नागरिकांच्या दुखापती २६ टक्क्यांनी आणि पोलिसांच्या स्वतःच्या दुखापती ३६ टक्क्यांनी कमी झाल्याचं आढळलं. शेवटचा आकडा आम्ही प्रत्येक बॅचला सांगतो, कारण ‘बोलत बसलो तर आम्हीच मरू’ ही शंका खरी असते, तिला रागावून उत्तर देता येत नाही.

नागरिकांनी आपल्या पोलिसांना जरूर विचारावं : अभ्यासक्रम कुणाचा आहे, त्यात संवादाचे तास किती, आणि चुकीच्या माणसावर शस्त्र चालवणाऱ्या प्रशिक्षणार्थीचं पुढे काय होतं. आमच्याकडे तो प्रसंग तिथेच थांबतो, चर्चा होते आणि तो माणूस पुन्हा उभा राहतो, बरोबर करेपर्यंत.

प्रशिक्षक कसा पारखायचा?

त्याचं जुनं दल, तिथलं काम आणि शिकवण्याची पात्रता कागदावर मागा. आधी शिकवलेल्या दोन दलांकडे विचारपूस करा. सुरक्षेची लेखी योजना मागा. ती नसेल तर पुढे बोलणंच नको. एका प्रशिक्षकामागे किती प्रशिक्षणार्थी हेही विचारा. प्रसंग-सरावात सहा-सातच्या वर गेले की एकाची नजर पुरत नाही.

आणि त्याला एक प्रश्न विचारून बघा : ‘गेल्या काही वर्षांत तुम्ही कोणती गोष्ट शिकवायची बंद केलीत आणि का?’ चांगल्या प्रशिक्षकाकडे याचं उत्तर तयार असतं. युद्धातले किस्से सांगत बसणारा माणूस बहुधा अडखळतो. सैनिकी अनुभव मोलाचा आहे, पण सैनिकाचं आणि पोलिसाचं काम वेगळं. पोलिसाला संध्याकाळी त्याच वस्तीत गस्तीला जायचं असतं.

आमचे कायदे आणि स्थायी आदेश वेगळे आहेत. बाहेरच्या प्रशिक्षकाचं किती ऐकायचं?

हालचालीबद्दल ऐका, बळ केव्हा वापरायचं याबद्दल आपल्याच कायद्याचं ऐका. पहिल्या दिवशी तासभर तुमच्या दलाच्या विधी अधिकाऱ्याला द्या आणि तो तास बाहेरच्या प्रशिक्षकालाही बसून ऐकायला लावा. दोघांत विसंगती निघाली तर ती मैदानावर जायच्या आधी मिटवा.

वय झालेल्यांनी, महिला अंमलदारांनी भाग घ्यावा का?

जो कामावर आहे त्याने घ्यावा. पन्नाशीतला हवालदार विशीतल्या शिपायाइतका धावणार नाही, पण समोरच्याशी बोलण्यात आणि माणूस ओळखण्यात तो बहुतेक वेळा सरस ठरतो. जॅकेटची मापं मात्र आधी कळवा. पुरुषांच्या मापाचं बुलेटप्रूफ जॅकेट महिला अंमलदारांना खांद्यावर नीट बसत नाही, पिस्तूल काढताना कोपर अडतो, आणि दोष नेमबाजीला दिला जातो. हृदयाचा, पाठीचा, गुडघ्याचा त्रास असेल तर लपवू नका, गरोदर असाल तर रेंजवर येऊ नका. गोळीच्या धुरातलं शिसं आणि तो आवाज, दोन्ही अपायकारक आहेत.

कानांची काळजी खरंच इतकी घ्यावी लागते का?

हो. बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, एका फैरीनेही कायमचं नुकसान होऊ शकतं. कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही लावा. शिशासाठी : खाण्यापूर्वी हात-तोंड साबणाने धुवा, आणि रेंजवरच्या कपड्यांनी घरी लहान मुलांना उचलून घेऊ नका.

प्रसंगाचं चित्रीकरण करता का?

करतो, चर्चेपुरतं. ते दलाच्या ताब्यात राहतं. समाजमाध्यमांवर टाकायला सक्त मनाई आहे.

सरावात कुणी कोसळलं, रडलं, तर?

घडतं. एखाद्याने याआधी सहकारी गमावलेला असतो आणि रंगाच्या गोळीचा आवाज त्याला तिथे परत नेतो. त्याला बाजूला घेतो, कुणीतरी सोबत बसतं, आणि पुढे जायचं की नाही हे तो ठरवतो. त्याच्या सेवापुस्तकात याची नोंद होऊ नये, असं आम्ही अधिकाऱ्यांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. नोंद होणार असेल तर पुढच्या बॅचमध्ये कुणीच खरं वागणार नाही.

प्रमाणपत्र मिळतं का?

मिळतं. त्यावर शिकवलेले विषय, तास आणि तारीख असते. हजेरीवर मिळत नाही, काम जमल्यावर मिळतं.

शिबिर संपल्यावर काय?

शिबिर संपल्यावरच महत्त्वाचं काम सुरू होतं आणि इथेच बहुतेक दलं थांबतात. हाताची कौशल्यं लवकर विरतात. हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाबद्दल वारंवार दिसून आलंय की शिकल्यानंतर तीन ते सहा महिन्यांतच हात चुकायला लागतो. टूर्निकेट आणि खोलीत शिरणं याला वेगळा न्याय लागणार नाही.

उपाय खर्चाचा नाही. बॅचमधल्या दोघा-तिघांना आम्ही पुढे शिकवण्यासाठी वेगळं तयार करतो. त्यांनी परत जाऊन हजेरीच्या वेळी दहा मिनिटं घ्यायची, निळ्या प्लास्टिकच्या शस्त्रांनी, आधी तीच तपासणी करून. एक दिवस जिना, एक दिवस दार, एक दिवस टूर्निकेट. त्या दोघा-तिघांची लगेच बदली करू नका, ही आमची वरिष्ठांना विनंती असते. आणि शेजारच्या अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेला वर्षातून एकदा तरी बोलवा. आत गोळीबार थांबलाय पण जागा पूर्ण तपासलेली नाही, अशा वेळी वैद्यकीय पथकाला पोलिसांच्या संरक्षणात आत कसं न्यायचं, हे दोघांनी मिळून केल्याशिवाय जमत नाही. नियंत्रण कक्षातल्या माणसांनाही त्यात घ्या. घाबरलेल्या फोनवरून कामाची माहिती काढणं हेसुद्धा टॅक्टिकल कामच आहे.

विनंतीपत्रात काय लिहावं?

‘आमच्या अंमलदारांना टॅक्टिकल प्रशिक्षण द्यावे’ एवढ्या ओळीवरून आम्हाला काहीच ठरवता येत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्या माणसांना दुखापती कुठे आणि कशा झाल्या ते लिहा : घरगुती भांडणात, गाडी तपासताना, आरोपी नेताना. अभ्यासक्रम त्यावरून ठरतो. किती माणसं, त्यांतली किती गस्तीवरची, कुठली शस्त्रं, शेवटची चांदमारी केव्हा झाली, टूर्निकेट प्रत्येकाकडे आहे की गाडीत एकच, जॅकेटची मापं, पूर्ण वेळ थांबणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा. सरावासाठी एखादी रिकामी इमारत मिळत असेल तर तिचा कच्चा नकाशा, वीज-पाण्याची सोय, शेजारी वस्ती किंवा शाळा आहे का, आणि तिथून शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय किती मिनिटांवर आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नकाशावर बघून देऊ नका, गर्दीच्या वेळी एकदा गाडी नेऊन बघा.